दाखल्यावरची शेवटची ओळ

ऑगस्ट २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष थाबो म्बेकी यांनी आरोग्यमंत्री मान्टो त्शाबालाला-म्सिमांग यांना एक पत्र लिहिलं. देशात माणसं कशाने मरतात याचे आकडे त्यात होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या संकेतस्थळावरून घेतलेले ते आकडे १९९५ सालचे होते. त्यांनुसार एकूण मृत्यूंपैकी एड्सच्या वाट्याला जेमतेम २.२ टक्के येत होते, आणि अपघात व हिंसाचाराचे बळी त्याहून कितीतरी जास्त होते. मग आरोग्यावरचा पैसा आपण योग्य ठिकाणी घालतो आहोत का, असं अध्यक्षांनी मंत्र्यांना विचारलं. पुढच्याच महिन्यात हे पत्र वर्तमानपत्राच्या हाती लागलं आणि देशभर वादळ उठलं.

तो प्रश्न मला आजही गैर वाटत नाही. जनता कशाने मरते हे पाहून तिजोरी उघडणं हे राज्यकर्त्याचं कामच आहे. घात केला तो हातातल्या कागदाने. दक्षिण आफ्रिकेत दरवर्षी सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या रक्ताची नाव न नोंदवता तपासणी होत असे. १९९० मध्ये त्यांच्यात एचआयव्हीची लागण शंभरात एकीपेक्षाही कमी होती. १९९५ मध्ये ती दहा टक्क्यांवर गेली आणि २००० मध्ये साडेचोवीस टक्क्यांवर. उपचार न मिळाल्यास लागण झाल्यापासून मृत्यूपर्यंत साधारण आठ-दहा वर्षं जातात. म्हणजे १९९५ चे मृत्यू ऐंशीच्या दशकातल्या लागणीचे होते, आणि नव्वदीत जे लाखो लोक विषाणू घेऊन जगत होते त्यांची वेळ अजून यायची होती. जुन्या मृत्यूंच्या तक्त्यावरून पुढच्या साथीचं अंदाजपत्रक आखलं जात होतं.

दोष फक्त जुनेपणाचाही नव्हता. तो तक्ता त्याच्या स्वतःच्या काळासाठीही अपुरा होता. वर्णभेदी राजवटीने ट्रान्सकाय, बोफुथात्स्वाना, व्हेंडा आणि सिस्काय हे प्रदेश ‘स्वतंत्र’ ठरवले होते. १९९४ पर्यंत तिथे मेलेली माणसं देशाच्या आकडेवारीत धरलीच जात नव्हती. ग्रामीण भागातल्या कृष्णवर्णीयांचे असंख्य मृत्यू नोंदीविनाच राहत. ज्या राज्याने माणसाला जिवंतपणी नागरिक मानलं नाही, ते त्याचा मृत्यू तरी कशाला लिहून घेईल? लोकशाही सरकारला वारशात मिळालेल्या अनेक पडक्या गोष्टींपैकी ही मृत्युनोंद एक होती. मृतांचा हिशेब कधीच कोरा नसतो. कुणाला मोजायचं हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं.

हा हिशेब जिथे सुरू होतो त्या टेबलाजवळ जाऊ. एकोणतीस वर्षांची एक बाई सरकारी रुग्णालयात दाखल झाली आहे असं समजा. काही महिन्यांपासून वजन घटतं आहे, खोकला हटत नाही, तोंडात पांढरे चट्टे आहेत, धाप लागते आहे. तिसऱ्या दिवशी ती जाते. ड्यूटीवरच्या डॉक्टरपुढे मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र येतं. जगभर या प्रमाणपत्राचा साचा जवळपास एकच आहे. आपल्याकडे रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४ आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४-अ वापरतात, तेही याच साच्याचे. त्यात एकाखाली एक ओळी असतात. पहिल्या ओळीत तात्कालिक कारण, त्याखाली ते कशामुळे झालं, आणि त्याखाली तेही कशामुळे झालं. या बाईसाठी पहिल्या ओळीत श्वसनक्रिया निकामी, दुसऱ्या ओळीत न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया आणि तिसऱ्या ओळीत एचआयव्ही असं यायला हवं. सांख्यिकी कार्यालय हिशेबात धरतं ते मूळ कारण, म्हणजे सगळ्यात खालच्या ओळीत लिहिलेलं.

आता डॉक्टर दुसऱ्या ओळीवर थांबला तर? त्याने खोटं काहीच लिहिलेलं नाही. न्यूमोनिया झालाच होता. पण देशाच्या खात्यात ही बाई एड्सऐवजी न्यूमोनियाने मेली असं जमा होईल. क्षयाचंही तसंच. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या नियमानुसार एचआयव्ही असलेल्या माणसाचा क्षयाने झालेला मृत्यू एचआयव्हीच्या खात्यात जातो. मात्र त्यासाठी एचआयव्ही हा शब्द कागदावर असावा लागतो. तो नसला तर आकडा क्षयाचा वाढतो. आपल्या नमुन्यावर तर स्पष्ट सूचना छापलेली असते की इथे हृदय बंद पडणं यासारखी मरणाची रीत लिहू नये, आजार लिहावा. तरीही ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’ असं लिहिलेली प्रमाणपत्रं आपल्याकडे ढिगाने सापडतात.

डॉक्टर तिसऱ्या ओळीपर्यंत का जात नाही? काही वेळा त्याला खरोखरच माहीत नसतं. रुग्णाची तपासणी झालेली नसते, संमतीशिवाय ती करता येत नाही, आणि तीन दिवसांत संमती घ्यायला सवड मिळालेली नसते. माहीत नसलेलं न लिहिणं हा प्रामाणिकपणाच आहे. पण पुष्कळदा त्याला माहीत असतं आणि तो पेन थांबवतो, कारण खोलीबाहेर कोण उभं आहे हे त्याला दिसत असतं. तिथे नवरा आहे, सासू आहे, लग्नाची नणंद आहे. दक्षिण आफ्रिकेत त्या काळी अनेक विमा पॉलिसींमध्ये एड्सने मृत्यू आल्यास रक्कम नाकारणारं कलम असे. एक शब्द लिहिला की मागे राहिलेल्या मुलांच्या शाळेची फी गेली. १९९८ मध्ये तिथे मृत्यूच्या सूचनेचा नवा फॉर्म आला आणि कारण लिहायचं पान गोपनीय ठरवलं गेलं. विचार योग्य होता. पण तो फॉर्म रुग्णालयातून नोंदणी कार्यालयापर्यंत अनेकदा जायचा तो नातेवाइकांच्या किंवा अंत्यसंस्कार करणाऱ्या व्यावसायिकाच्या हातूनच. कायद्याने गुप्त आणि प्रत्यक्षात उघडा असलेला कागद डॉक्टरने कसा भरावा? जिथे डॉक्टरच नव्हता तिथे गावाचा मुखिया मृत्यूची माहिती द्यायचा. त्याच्याकडून विषाणूचं नाव येण्याची अपेक्षाच व्यर्थ होती.

इथे मला जे म्हणायचं आहे त्याच्या मुळाशी आपण येतो. एड्सच्या मृत्यूंची नोंद चुकीची का, असं विचारलं की सहसा अकार्यक्षम यंत्रणा, आळशी कारकून, न शिकवलेले डॉक्टर अशी उत्तरं मिळतात. ती खरी आहेत, पण वरवरची. खरं कारण असं की मृत्यूचं कारण लिहिणाऱ्याला त्या लिहिण्याची किंमत मागे राहिलेल्यांनी मोजताना दिसते. लिहिलेलं सत्य कुणाला दुखावणार असेल तर माणसं ते लिहिणार नाहीत, आणि त्यांना दोष देण्याचा नैतिक अधिकार आपल्याला नाही. म्हणून गुप्तता आणि अचूकता या एकमेकींच्या वैरिणी आहेत हा समज मला मुळातच चुकीचा वाटतो. मृताच्या घराला पूर्ण संरक्षण मिळेल तेव्हाच देशाला पूर्ण खरी नोंद मिळेल. आधी गुप्तता, मग अचूकता. हा क्रम उलटा करता येत नाही.

याची दुसरी बाजू आपण कोव्हिडमध्ये डोळ्यांनी पाहिली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने कोव्हिडमुळे मृत्यू झालेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपयांचं सानुग्रह अनुदान जाहीर झालं. त्याआधी ज्या घरांनी त्या नावाची धास्ती घेतली होती, अंत्यविधीला माणसं येणार नाहीत म्हणून आजार लपवला होता, तीच घरं कागदपत्रांवर कोव्हिडचा उल्लेख मिळावा म्हणून खेटे घालू लागली. महाराष्ट्रात तर अर्जांची संख्या सरकारी मृत्यूसंख्येच्याही पुढे गेली. आजार तोच आणि मृतही तेच होते, फक्त त्या नावामागे शिक्षा होती तिथे आधार आला. नोंद बदलली ती कुणी डॉक्टरांना नव्याने शिकवलं म्हणून बदलली नाही. नाव घेण्याचा परिणाम बदलला म्हणून बदलली.

पण दक्षिण आफ्रिकेची गोष्ट इथे संपत नाही, आणि तिचा पुढचा भाग मला सर्वांत शिकवणारा वाटतो. कारण लिहिलेलं नसतानाही सत्य सापडलं, आणि ते सापडलं वयात. साधारण समाजात मृत्यूचं प्रमाण तान्हेपणी जास्त असतं, पुढे उतरतं आणि म्हातारपणाकडे हळूहळू चढत जातं. पंचविशी-तिशीतल्या बायका कुठल्याही सुदृढ समाजात मोठ्या संख्येने मरत नसतात. वैद्यकीय संशोधन परिषदेतल्या डेबी ब्रॅडशॉ, केपटाऊन विद्यापीठातले रॉब डॉरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गृहखात्याच्या लोकसंख्या नोंदवहीतून मृत्यू काढले. तिथे कारण नव्हतं, पण वय आणि लिंग होतं. नोंदणीही तोवर सुधारली होती. २००० च्या सुमारास प्रौढांच्या दहापैकी नऊ मृत्यूंची नोंद होऊ लागली होती. २००१ मध्ये त्यांचा अहवाल आला तो असा: २५ ते २९ वयाच्या स्त्रियांचा मृत्युदर १९८५ च्या तुलनेत साडेतीन पटींनी वाढला आहे. २००० साली १५ ते ४९ या वयोगटातल्या मृत्यूंपैकी सुमारे चाळीस टक्के आणि सगळ्या वयांच्या मृत्यूंपैकी सुमारे पाव हिस्सा एड्समुळे आहे.

सरकारला हा अहवाल रुचला नाही. तो लांबवला गेला, फुटला, आणि मग त्याच्या पद्धतीवर शंका घेतल्या गेल्या. त्याच्या आदल्याच वर्षी अध्यक्षांनी नेमलेल्या एड्स सल्लागार मंडळात पीटर ड्यूसबर्ग यांच्यासारखे, एचआयव्हीमुळे एड्स होतोच असं नाही म्हणणारे लोक बसवले गेले होते. जुलै २००० मध्ये डर्बनला जागतिक एड्स परिषद भरली तेव्हा पाच हजारांहून अधिक शास्त्रज्ञांना आणि डॉक्टरांना एचआयव्ही हेच एड्सचं कारण आहे असं जाहीरनामा काढून सांगावं लागलं. आकड्यांचा वाद अशा वातावरणात होत होता.

फेब्रुवारी २००५ मध्ये खुद्द सरकारी सांख्यिकी संस्थेचा अहवाल आला. १९९७ ते २००२ या काळात नोंदलेले मृत्यू ५७ टक्क्यांनी वाढले होते. लोकसंख्या त्याच्या जवळपासही वाढलेली नव्हती, आणि वाढ मुख्यतः तरुण व प्रौढ वयातली होती. कारणांच्या यादीत मात्र क्षय आणि न्यूमोनिया वर होते, आणि एचआयव्हीचं नाव फार थोड्या दाखल्यांवर होतं. त्याच वर्षी पाम ग्रोनेवाल्ड आणि सहकाऱ्यांनी याचा उलगडा केला. दाखल्यांवरची कोणती कारणं एड्सच्याच वयोगटात, एड्सच्याच वेगाने वाढली आहेत हे त्यांनी तपासलं. क्षय, न्यूमोनिया, जुलाब, मेंदूज्वर, कुपोषण, रक्तक्षय अशी नऊ कारणं निघाली. त्यांतली अनैसर्गिक वाढ मोजली तेव्हा दिसलं की एचआयव्हीच्या मृत्यूंपैकी सुमारे ६१ टक्के दुसऱ्या कारणांच्या नावावर जमा झालेले आहेत. डॉक्टरांनी जे नाव लिहिलं नव्हतं ते मृतांच्या वयांनी सांगितलं होतं.

यावर शेवटचं शिक्कामोर्तब औषधांनी केलं. सरकारने २००३ च्या अखेरीस मोफत औषधोपचाराची योजना मंजूर केली आणि २००४ पासून ती हळूहळू सुरू झाली. त्यामागे झॅकी अखमत यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेनचा लढा होता, आणि गरोदर मातांना नेविरापिन हे विषाणूविरोधी औषध देण्याचा घटना न्यायालयाचा २००२ चा निकाल होता. नोंदलेले मृत्यू २००६ मध्ये सहा लाखांच्या वर होते, २०१४ पर्यंत ते पाच लाखांच्या खाली आले. सरासरी आयुर्मान २००५ मध्ये ५४ वर्षं होतं, ते २०११ पर्यंत ६० वर गेलं. सहा वर्षांत सहा वर्षं! ही घट नेमकी कोणत्या वयात झाली? तरुण वयात, जिथे पूर्वी वाढ झाली होती. विषाणूविरोधी गोळ्यांनी गरिबी जात नाही, गुन्हेगारी थांबत नाही, रस्त्यावरचे अपघात कमी होत नाहीत. ज्या गोळीने मृत्यू उतरले, ती ज्या आजाराची आहे त्याच आजाराने ते चढले होते. मधल्या काळाची किंमतही मोजली गेली. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये हिशेब मांडला की २००० ते २००५ या काळात उपचार वेळेवर न दिल्यामुळे दक्षिण आफ्रिकेत तीन लाख तीस हजारांहून अधिक माणसं गमावली गेली.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं प्रामाणिकपणे ऐकलं पाहिजे, कारण ते पूर्ण पोकळ नव्हतं. दक्षिण आफ्रिकेचेच पत्रकार रायन मलान यांनी २००१ पासून लिहिलं की एड्सच्या मृत्यूंचे जागतिक आकडे संगणकातल्या प्रारूपांतून निघतात, प्रत्यक्ष मोजलेले नसतात, आणि ते फुगलेले आहेत. त्यांनी शवपेट्या बनवणाऱ्यांना जाऊन धंदा वाढला का असंही विचारलं. त्यांच्या निष्कर्षाशी माझं जमत नाही. पण प्रारूपांवर संशय घेण्याचा त्यांचा हक्क मी नाकारणार नाही, कारण काही वर्षांनी आपल्याच देशाने त्या संशयाला बळ दिलं.

२००६ मध्ये भारतात एचआयव्हीबाधितांची संख्या पन्नास लाखांच्या वर मानली जात होती. दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून आपण जगात पहिले झालो अशा बातम्या आल्या. जुलै २००७ मध्ये नवा अंदाज आला: सुमारे पंचवीस लाख. एका रात्रीत निम्मा! माणसं बरी झाली नव्हती. आधीचा अंदाज मुख्यतः गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आणि सरकारी प्रसूतिगृहांत येणाऱ्यांच्या तपासणीवर उभा होता, आणि तिथे येणारी माणसं गावाचा नमुना नसतात. तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघर जाऊन एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांचं रक्त तपासलं गेलं, तेव्हा प्रौढांमध्ये लागण ०.२८ टक्के निघाली. मुख्यतः भारताच्या या दुरुस्तीमुळे संयुक्त राष्ट्रांना आपला जागतिक आकडा ३ कोटी ९५ लाखांवरून ३ कोटी ३२ लाखांवर आणावा लागला.

म्हणजे एकीकडे नोंदवहीने साथ लहान दाखवली आणि दुसरीकडे प्रारूपाने मोठी दाखवली. मग विश्वास कशावर ठेवायचा? या दोन चुकांच्या स्वभावात एक फरक आहे आणि तो मला निर्णायक वाटतो. भारतातल्या संशयाने लोकांना अधिक मोजायला लावलं: घरोघर जा, रक्त तपासा, आकडा दुरुस्त करा, आणि दुरुस्त केल्याचं जगाला सांगा. प्रिटोरियातल्या, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारच्या, संशयाने उपचार थांबवून ठेवले. शंका घेणाऱ्याचा हेतू ओळखायची हीच खूण आहे. अनिश्चिततेतून पुढची मोजणी निघते की पुढची तारीख निघते हे पाहावं. शिवाय दोन्ही चुकांची किंमत सारखी नसते. आकडा फुगला तर काही पैसे दुसऱ्या गरजेकडून वळतात, आणि ते नुकसानही खरं आहे. आकडा दडपला तर औषध पोचत नाही आणि माणूस परत आणता येत नाही.

भारतात या मृत्यूंची सर्वांत विश्वासार्ह मोजणी कशी झाली तेही सांगायला हवं, कारण ती दाखल्यांवरून झाली नाही. आपल्याकडे बहुतेक माणसं घरी मरतात किंवा डॉक्टरच्या सहीविना जातात. २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले जेमतेम २२.५ टक्के होते. गोव्यात हे काम जवळपास पूर्ण होतं, पण गोवा लहान आहे आणि अपवाद आहे. म्हणून महानिबंधकांच्या नमुना नोंदणी योजनेतल्या सुमारे अकरा लाख घरांचा आधार घेऊन प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी दशलक्ष मृत्यूंचा अभ्यास उभारला. प्रशिक्षित माणूस मृताच्या घरी जायचा, शेवटच्या आजाराची हकीकत घरच्यांकडून ऐकून त्यांच्याच भाषेत उतरवून घ्यायचा, आणि मग दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता कारण ठरवायचे. एचआयव्हीवरचा त्यांचा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला: २००४ मध्ये १५ ते ५९ वयातले सुमारे एक लाख मृत्यू एचआयव्हीमुळे. आधीच्या भीतीच्या मानाने हा आकडा कमी होता, आणि दाखल्यांवर दिसणाऱ्या संख्येच्या मानाने प्रचंड.

ही पद्धत का चालली याचा विचार करा. घरच्यांना कुणी रोगाचं नाव विचारलं नव्हतं. किती महिने ताप होता, वजन किती उतरलं, जुलाब होते का, तोंड आलं होतं का, जोडीदार आजारी होता का, एवढंच विचारलं होतं. नावाची भीती होती, लक्षणांची नव्हती. कागद त्यांच्या गावातल्या कुणाच्या हाती पडणार नव्हता. पुन्हा तेच: सत्य सांगणं सुरक्षित झालं आणि सत्य मिळालं.

महाराष्ट्राला हा विषय दूरचा नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार देशातल्या सुमारे चोवीस लाख एचआयव्हीबाधितांपैकी सर्वांत जास्त, ३ लाख ९४ हजार, महाराष्ट्रात होते. सांगलीसारख्या जिल्ह्याने या साथीचं सगळ्यात कठोर रूप पाहिलं आहे. १ एप्रिल २००४ ला देशात मोफत एआरटी, म्हणजे विषाणूविरोधी औषधोपचार, सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ रुग्णालयांत मुंबईचं जे. जे. होतं. त्याआधीच्या दहा-बारा वर्षांत किती तरुण माणसं गेली आणि त्यांच्या दाखल्यांमागच्या नोंदीत काय लिहिलं गेलं? गावात टीबीने गेला, काविळीने गेला, दारूने आतडी सडली, असंच सांगितलं गेलं. त्याच्या मागे त्याच आजाराने बायको गेली तर तिने दुःखाने अंथरूण धरलं असं म्हटलं गेलं. ज्या विधवा मागे राहिल्या त्यांच्यावर ‘हिच्यामुळेच गेला’ असा आळ आला, कित्येकींना सासरच्या घरातून आणि जमिनीतून बाहेर काढलं गेलं. तालुक्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टरने हे सगळं पाहून पेन थांबवलं असेल तर मला ते समजतं. पण त्याची एकत्रित किंमतही दिसते. ज्या जिल्ह्यात तिशीतले मृत्यू कागदावर क्षयाचे म्हणून विखुरले, तिथे एआरटी केंद्र हवं अशी मागणी कोणत्या आकड्याच्या जोरावर करायची?

आज उपचार मोफत आहेत, मग हा जुना हिशेब कशाला, असं कुणी म्हणेल. तर आजचाच हिशेब पाहू. २०२१ मध्ये भारतात एड्समुळे सुमारे ४२ हजार मृत्यू झाले, असं सरकारी अंदाज सांगतो. हा मोजलेला आकडा नाही, प्रारूपातून आलेला आहे. उपचार असताना ही माणसं का गेली? निदान उशिरा झालं म्हणून, क्षय वेळेत सापडला नाही म्हणून, की गोळ्या सुटल्या म्हणून? एआरटी केंद्राच्या नोंदवहीत काही नावांपुढे ‘एलएफयू’ लिहिलेलं असतं. म्हणजे पाठपुराव्यातून निसटलेले. समुपदेशक फोन करतात, नंबर बंद असतो. पत्त्यावर कार्यकर्ता गेला तर कुटुंब ऊसतोडीला किंवा दुसऱ्या शहरात गेलेलं असतं. या निसटलेल्यांपैकी बरेच जण दगावलेले असतात हे जगभरच्या पाठपुराव्यांतून दिसलं आहे. एका खात्यात तो माणूस निसटलेला आहे आणि दुसऱ्या खात्यात न्यूमोनियाने मेलेला. दोन्ही खाती एकमेकांशी बोलत नाहीत, आणि त्याला कशाने वाचवता आलं असतं हे कुणालाच कळत नाही.

आपल्या कायद्याने एक गोष्ट फार पूर्वीच ओळखली होती. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या सतराव्या कलमात म्हटलं आहे की मृत्यूचा जो उतारा कुणालाही दिला जाईल त्यात मृत्यूचं कारण उघड करू नये. बँकेत, विमा कार्यालयात, तलाठ्याकडे वारसनोंदीसाठी जो दाखला फिरतो त्यावर म्हणूनच कारण नसतं. हे शहाणपण आहे. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र वेगळी वाट उघडली. आता वैद्यकीय संस्थेने कारणाचं प्रमाणपत्र निबंधकाला पाठवावंच, शिवाय त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यावी. नातेवाइकांना कारण कळण्याचा हक्क आहे हे मला मान्य आहे. पत्नीला तर ते कळायलाच हवं, तिचा स्वतःचा जीव त्यावर अवलंबून असतो. पण जवळचा नातेवाईक दरवेळी पत्नी नसते. तो मोठा दीर असतो, आणि तो कागद घेऊन जमिनीच्या वाटणीला बसू शकतो. असा कागद हातात जाणार हे माहीत असलेला डॉक्टर शेवटच्या ओळीत काय लिहील? २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने जोडीदाराला सांगण्यासाठी डॉक्टर व समुपदेशकामार्फत जाणारा वेगळा, काळजीपूर्वक रस्ता आखून दिला आहे. सांगायचं ते त्या रस्त्याने सांगावं. कारणाचा कागद मात्र घरात फिरू नये.

माझी मागणी म्हणून साधी आहे. मृत्यूचं वैद्यकीय कारण डॉक्टरकडून थेट निबंधकाकडे संगणकीय मार्गाने जावं आणि मधला कुठलाही हात त्याला लागू नये. एचआयव्हीच्या बाबतीत नातेवाइकाच्या प्रतीतून मूळ कारण वगळण्याची तरतूद व्हावी. एआरटी केंद्रांची नोंदवही आणि मृत्युनोंद यांची पडताळणी नावं झाकून नियमित व्हावी, म्हणजे ‘निसटलेला’ आणि ‘मेलेला’ यांतला फरक कळेल. घरी होणाऱ्या मृत्यूंसाठी लक्षणांवरून कारण ठरवणाऱ्या पाहण्या चालूच राहाव्यात. आणि जिल्हावार, वयानुसार, लिंगानुसार मृत्यूंची साधी संख्या वर्षाच्या आत लोकांसमोर यावी. दक्षिण आफ्रिकेने दाखवून दिलं की कारण खोटं लिहिता येतं, वय खोटं ठरवणं अवघड असतं. तिशीतले मृत्यू वाढू लागले तर प्रारूपाची वाट न पाहता जिल्ह्याचा आरोग्य अधिकारी जागा होईल.

यंत्रणेच्या पलीकडचं काम समाजाचं आहे. २००४ मध्ये झुलू नेते मांगोसुथू बुथेलेझी यांनी आपला मुलगा एड्सने गेल्याचं जाहीर सांगितलं, आणि त्याच वर्षी मुलगीही गेली तेव्हा पुन्हा सांगितलं. जानेवारी २००५ मध्ये नेल्सन मंडेलांचा मुलगा माकगाथो गेला. त्याच दिवशी मंडेलांनी आपल्या जोहान्सबर्गच्या घरी पत्रकारांना बोलावलं आणि मुलगा एड्सने गेला असं सांगितलं. क्षय किंवा कर्करोगासारखा हाही एक आजार आहे असं लोकांना वाटायला हवं असेल तर उघडपणे बोललं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. पण ते बोलू शकले कारण त्यांच्या घराला कुणी गावाबाहेर काढणार नव्हतं. सामान्य घराकडून त्या धैर्याची अपेक्षा करण्याआधी त्या घराला तेवढं अभय द्यावं लागतं. मोठ्या माणसांचा उघडेपणा आणि लहान माणसांची गुप्तता या दोन्हींची एकाच वेळी गरज आहे. पहिल्याने कलंक झिजतो, दुसऱ्याने तो झिजेपर्यंत माणूस तगतो.

तोवर एड्सच्या मृत्यूंचा कमी आकडा समोर आला की त्यावर समाधान मानण्याआधी दोन प्रश्न विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे. हा आकडा औषध पोचल्यामुळे कमी झाला आहे, की नाव घ्यायची भीती वाटल्यामुळे? आणि तरुण वयात मरणाऱ्यांची एकूण संख्या काय सांगते? पहिल्या प्रश्नाचं उत्तर शासनाने द्यायचं आहे, पण ज्या भीतीबद्दल तो प्रश्न आहे ती आपणच, शेजारी आणि सोयरे म्हणून, निर्माण करत आलो आहोत. ती आपण काढली तर डॉक्टरचं पेन शेवटच्या ओळीपर्यंत जाईल आणि देशाचा हिशेब त्यामागून खरा होत जाईल.